मधल्या खोलीचं काय?

प्राणिशास्त्राचे निवृत्त सर अमरावतीत पैशाला पासरी. त्यातल्या एका वाणाला धूसर काही खपतच नाही. गिल्या वड्याच्या गाडीवर दोन पोरं सापडली की सुरू : "१८७३ साली एर्न्स्ट आबेनं सांगतलं, उजेडात २०० नॅनोमीटरच्या खालचं येगळं दिसत नाही. दोन ठिपके जवळ आले का एकच डाग. जनमभर मी थेच शिकवलं. अन् २०१४ ले बेटझिग, हेल, मोर्नर थेच मोडून नोबेल घिऊन गेले!" सूर असा, की नोबेल सरांच्याच ओट्यावरून उचललं असावं.

बेटझिगनं आपलं सूक्ष्मदर्शक यंत्र दोस्ताच्या दिवाणखान्यात जोडलं होतं. मग साळ्यांच्या बैठकीत विज्ञान का नको? म्हणून अकोल्याच्या सासुरवाडीत घराची वाटणी निघाली, तेव्हा सर आपणहून पंच झाले.

तिघे भाऊ एकदम भांडत होते. सरांनी हात वर केला. "सारे संगच चमकले तर डागच दिसन! पेशीतली सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर जाडीची. थे कशी पायतात? तिले असा रंग लावतात, का एका येळेस मोजकेच रेणू लुकलुकतात. एकेका ठिपक्याचा मध्य नेमका धरायचा. थे इझले का दुसरे. असे हजारो फोटो जुळवले का चित्र. तवा एकानं बोला, बाकीचे अंधारात!"

थोरल्या वहिनींनी खरोखरच लाइट बंद केला.

"पण भाऊजी, मधल्या खोलीचं काय?" अंधारातून धाकटा.

"शाबास! खोलीचं २००८ ले जमलं. वाटंत दंडगोल भिंग ठेवलं का ठिपक्याचा आकार बिघडते. वर असला तर आडवा फाकते, खाली असला तर उभा लांबते. त्यावरून खोली मोजायची."

लाइट लावून सरांनी तोंडं तपासली. थोरल्याचं आडवं फाकलेलं : "हा वरवर बोलून रायला." मधल्याचं लांबलेलं : "याच्या पोटात लय खोल हाये." मधल्याची बायको हसली, ती नंतर दोन दिवस बोलली नाही म्हणतात.

तिसऱ्या तासाला मधला खर्रा थुंकायला उठला.

"नमुना हालला!" सर कडाडले. "सारे फोटो पाण्यात! आता पुना पयल्यापासून!"

थोरल्यानं त्या क्षणी मधली खोली धाकट्याच्या नावे लिहून दिली.