उबुंटूचं स्थळ

आमच्या लॅपटॉपचं आता वय झालंय. बटण दाबावं, चहाचं आधण ठेवावं, चहा उकळावा, गाळावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा आणि परत येऊन बसावं, तरी पडद्यावरचं ते चक्र आपलं फिरतंच आहे. मध्यंतरी भाचा आला होता, त्यानं ही तपश्चर्या पाहिली आणि म्हणाला, "मामा, यावर लिनक्स टाक. उबुंटू घे. फुकट असतं." या तीन वाक्यांपैकी मला फक्त शेवटचं कळलं. तेवढं पुरेसं होतं.

आता माझा एक दोष सांगतो. पैसे मोजून घ्यायची वस्तू मी दुकानदार देईल ती मुकाट्यानं पिशवीत टाकतो, पण फुकट मिळणार म्हटलं की सगळ्यात चांगली तीच मिळाली पाहिजे असा हट्ट धरून बसतो. आणि इथे तर उबुंटू एकटं नव्हतंच; अख्खी भावकी निघाली. मूळ पुरुष डेबियन, 1993 सालचा. इयान मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्यानं मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान अशी दोन नावं जोडून ते ठेवलेलं. (आमच्या वेळी अशी नावं फार तर बाकावर करकटकानं कोरत.) त्याच्या पोटी 2004 साली उबुंटू आलं, मग 2005 ला कुबुंटू, 2006 ला झुबुंटू, मागाहून लुबुंटू. बारशाला आलेली आत्या एकच असावी, नुसतं पहिलं अक्षर बदलत गेली. 24.04 या आवृत्तीपर्यंत, म्हणजे 2024 च्या एप्रिलपर्यंत, असे मान्यताप्राप्त भाऊबंद दहा झाले होते. शाळेसाठी एक, गाणीबजावणी करणाऱ्यांसाठी एक, चीनमधल्या लोकांसाठी एक. आणखी एकाचं नाव इंग्रजीत 'मेट' वाटलं, म्हणून मी भाच्याला फोनवर तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "मेट नाही रे मामा, मा-ते. दक्षिण अमेरिकेत चहासारखं पितात, त्याचं नाव." तेव्हापासून ते डाउनलोड करताना माझे हात आपोआप जोडले जातात.

"पण यात फरक काय?" मी विचारलं.

"आतून सगळं एकच. वरचा डेस्कटॉप तेवढा वेगळा."

सुज्ञ माणसानं इथे फोन ठेवून पहिलं दिसेल ते घेतलं असतं. मी शंभर पानी वही आणली. रकाने आखले: पट्टी वर की खाली, किती जड, किती वर्षं सांभाळणार. थोरल्याला पाच वर्षं, धाकट्यांना तीन, आणि मधल्याअधल्या आवृत्त्यांना नऊच महिने. नऊ महिने हा आकडा पाहून ही म्हणाली, "तोवर तुमचं ठरलं तरी पुरे."

मग प्रत्यक्ष काम. सहाएक जीबीची ती फाइल रात्रभर उतरवून घेतली आणि सकाळी पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली. हे म्हणजे ताटात कच्चे तांदूळ वाढून 'घ्या भात' म्हणण्यासारखं आहे, हे मला दोन दिवसांनी कळलं. ते दोन दिवस मी एफ टू, एफ ट्वेल्व्ह, एस्केप, डिलीट अशी पेटी वाजवावी तशी बटणं दाबत होतो. त्या फाइलपासून पेनड्राइव्ह रीतसर घडवावा लागतो आणि घडवताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे भाच्यानं सांगितलं होतं म्हणे. मी घेतलेल्या पेनड्राइव्हवर हिच्या भिशीचा हिशेब होता. भिशीत अकराजणी. कुणाकुणाचा नंबर लागून गेला, हे आता कुणाला सांगता येईना. संध्याकाळी ही सगळ्यांना फोन करून आली. अकराही जणींचा नंबर अजून लागायचाच होता.

उबुंटूत एक सोय फार छान आहे. लॅपटॉपवर काहीही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. थोडक्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम: बघा, बोला, पसंत नसेल तर उठून या. मी रोज संध्याकाळी एका घरी पोहे खाऊन येऊ लागलो. अशाच एका घरी जरा रमलो आणि सोसायटीच्या सभेचं तीन तास खपून लिहिलेलं इतिवृत्त तिथेच ठेवून लॅपटॉप बंद केला. बंद केलं की त्या कार्यक्रमातलं काही मागे उरत नाही. मुलगी बघायला गेलेल्या घरी आपली ट्रंक ठेवून यावी, आणि दुसऱ्या दिवशी जावं तर तिथे घरच नसावं!

"अहो," ही शेवटी म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत होकार दिला होतात."

"तेव्हा एकच स्थळ होतं," मी म्हटलं.

पुढचे दोन दिवस पोहे सोडा, चहाही मिळाला नाही.

त्या उपासात निर्णय झाला. वहीची त्रेचाळीस पानं भरल्यावर मी झुबुंटू पक्कं केलं. जड नाही, हलकं नाही, मध्यमवर्गीय. झुबुंटू आणि लुबुंटूचे पेनड्राइव्ह दोन्ही काळे. वर लावलेल्या 'झु' आणि 'लु' च्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, त्या मी अंदाजानं परत चिकटवल्या. टाकताना पडद्यावर नाव आलं, तेही नीट वाचलं. पहिलं अक्षर सोडलं तर सगळं बरोबर होतं.

आणि खरंच, लॅपटॉप पळायला लागला. महिनाभर मी सकाळच्या फिरण्यात जो भेटेल त्याला धरून झुबुंटूचा तोल, झुबुंटूचा संयम, लुबुंटूचा उथळपणा यांवर बोलत होतो. दोघांनी फिरायची वेळ बदलली.

दिवाळीला भाचा आला. लॅपटॉप उघडून म्हणाला, "वा मामा, लुबुंटू टाकलंस?"

"झुबुंटू," मी सौम्यपणे दुरुस्ती केली आणि वही काढली.

"झुबुंटूची पट्टी वर असते."

वहीत पान सातवर तसंच होतं. माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

"आणि झुबुंटूच्या चिन्हात उंदीर असतो," तो म्हणाला.

मी चष्मा पुसला आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे महिनाभर रोज सकाळी टिचकी मारत होतो, तिथे वाकून पाहिलं. पक्षी होता.

"मग आता झुबुंटू टाकून देऊ का?" त्यानं विचारलं.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "थांब रे, आधी भिशीचा हिशेब डाळीच्या डब्यात ठेवते."