विशेषकांचे दक्षता अधिकारी

परदेशी व्यवस्थापन-शिक्षणाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेच्या आधाराने पुण्यासारख्या शहरांत जे शिकवणीवर्ग वाढले, त्यांतूनच ‘वाक्यशुद्धीचे सर’ ही जमात उदयास आली. वाक्यशुद्धी हा त्या परीक्षेतला एक प्रश्नप्रकार होता: एक इंग्रजी वाक्य, त्यातील अधोरेखित भाग आणि त्या भागासाठी दिलेले पाच पर्याय, ज्यांतील पहिला मूळ मजकूरच पुन्हा छापलेला असे. अशा प्रश्नांत तपासल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक विशेषक, म्हणजे दुसऱ्या शब्दाची अधिक माहिती देणारा शब्द किंवा शब्दसमूह. तो ज्याचे वर्णन करतो त्याला खेटून बसला पाहिजे, आणि वाक्यारंभी येऊन स्वल्पविरामापाशी थांबला तर पुढचे पहिले नाम त्याचेच धनी असले पाहिजे, हा परीक्षेचा नियम सरांनी सृष्टिनियमाच्या पंक्तीला नेऊन बसवलेला असतो.

फळ्यावर ‘आफ्टर बॉइलिंग फॉर टेन मिनिट्स, द टीचर ड्रँक द टी’ असे लिहून ते वर्गाला विचारत, “उकळले कोण?” ‘चहा’ असे उत्तर आले की त्यांच्या मुद्रेवर समाधान पसरे, कारण शुल्क घेतलेले असे ते याच उत्तरासाठी. स्वल्पविरामाला लागून शिक्षक उभा असल्यामुळे उकळला तोच, असा निकाल मग ते देत. यात मुलांचा दोष फारसा नसे. ‘दहा मिनिटे उकळल्यावर सरांनी चहा घेतला’ हे ऐकून सरांची प्रकृती विचारायला कोणी धावत नाही. मराठीत ‘उकळल्यावर’सारख्या रूपाचा कर्ता मुख्य क्रियेच्या कर्त्याहून वेगळा असू शकतो आणि तो कोण हे ऐकणारा स्वतःच्या अकलेने ठरवतो, तर परीक्षेला अकलेपेक्षा शेजार महत्त्वाचा वाटे.

या कसोटीतून शेक्सपिअरही सुटत नाही. ‘हॅम्लेट’मधील पित्याचे भूत आपल्या मृत्यूविषयी उठवलेली कंडी सांगते, तेव्हा त्या वाक्याच्या रचनेप्रमाणे बागेत झोपलेला राजा नसून त्याला डसलेला साप ठरतो. ज्या प्रसंगाने चारशे वर्षे प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राहिला, त्यातून सरांच्या हाती लागतो तो डुलकी घेणारा एक साप. ‘ओन्ली’च्या जागेबाबत तर ते याहून कडक असतात. या शब्दाची स्वाभाविक जागा सोडायला लावणाऱ्यांना इंग्रजी कोशकार फाउलरने 1926च्या आपल्या प्रसिद्ध भाषावापराच्या कोशात चांगलेच झोडपले आहे. तो कोश सरांच्या कपाटात असतो, मात्र त्या पानाशी त्यांची गाठ पडलेली दिसत नाही.

घरी हे शास्त्र फारसे चालत नाही. “तुम्ही फक्त रविवारी भाजी आणता,” असे पत्नी म्हणाली, तर ‘फक्त’ हे वाराला लागते की भाजीला, असा खुलासा ते मागतात. ते नवऱ्याला लागते, असा खुलासा मिळतो. ‘शुद्ध गाईचे तूप’ या पाटीखाली थांबून ते दुकानदाराला गाईच्या शुद्धतेविषयी छेडतात, आणि हा विनोद त्यांच्या जन्माआधीचा आहे हे दुकानदार गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सांगत नाही.

2023च्या नोव्हेंबरात परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून वाक्यशुद्धी वगळली गेली. सरांचे विद्यार्थी आकडेमोडीकडे वळले, पण दक्षता अंगात मुरलेली असल्यामुळे ती बाहेर पडायला वाट शोधू लागली, आणि ती वाट सोसायटीच्या सूचनाफलकाकडे गेली. ‘जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सभासदांच्या सायकली त्वरित हलवाव्यात’ या सूचनेत धूळ सभासद खात आहेत, असे सरांनी लाल शाईने दाखवून दिले आणि ‘सभासदांच्या’ हा शब्द उचलून सायकलींपासून दूर, वाक्याच्या आरंभी नेऊन ठेवला. सचिवांनी दुरुस्तीबद्दल लेखी आभार मानले. तथापि वार्षिक सर्वसाधारण सभेची उपस्थिती पाहता मूळ वाक्यही अर्थदृष्ट्या बरोबरच होते, असे त्यांनी खाली नमूद केले.