बोक्यासारखे राहावे कसे?

घर आपल्या नावावर नसताना ते ताब्यात कसे घ्यावे, हे शिक्षण आम्हाला लहानपणी कोकणातल्या घरी बंड्या नावाच्या बोक्याने फुकट दिले. घरजावई, पोटभाडेकरू आणि नुकतेच पक्षांतर केलेले पुढारी यांच्या सोयीसाठी ती पद्धत येथे देत आहोत.

जागा कधी मागू नये, बसावे. आजोबा पाणी प्यायला उठले की बंड्या त्यांच्या आरामखुर्चीत वेटोळे करून झोपलेला असे. ज्यांच्यापुढे वडिलांचाही आवाज चढत नसे, ते आजोबा ‘झोपलाय बिचारा’ म्हणून ओटीच्या पायरीवर टेकत. ‘बिचारा’ हा शब्द कानी पडेपर्यंत डोळे उघडू नयेत. मांजर दिवसाला बारा ते सोळा तास झोपते. नवशिक्यांनी आठापासून सुरुवात करावी. बसण्यापूर्वी खुर्चीच्या पायाला गाल घासावा. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात, आणि गाल घासला की ती वस्तू त्याच्या हिशेबी त्याची होते. घरच्यांना ते प्रेम वाटते. तलाठ्याला न भेटता सातबाऱ्यावर नाव चढवण्याचा दुसरा मार्ग निदान आमच्या पाहण्यात नाही.

आहाराचे प्रकरण अवघड आहे, सावकाश वाचावे. मोठी मांजरे आपसात सहसा ‘म्याव’ करत नाहीत. तो आवाज माणसांसाठी राखीव असतो. आईकडे जेवून झाले की उपाशी चेहऱ्याने आजीकडे जावे. सासू-सुना एकमेकींना विचारणार नाहीत, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी. बांगडे साफ होत असताना विळीपासून हातभर लांब बसून भिंतीकडे पाहावे. माशाकडे पाहणारा चोर ठरतो, भिंतीकडे पाहणाऱ्याला डोके मिळते.

मांजराला गोडाची चव कळतच नाही, ती ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी असते. त्यामुळे उघड्या मोदकांच्या ताटाजवळून बंड्या मान ताठ ठेवून जाई, आणि त्याच्या सोवळेपणाची कीर्ती आळीभर झाली होती. जे मुळात नकोच आहे, त्याचा त्याग चारचौघांत करावा. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद झाली की हा मोहल्ल्यात मुक्काम हलवी आणि गणपती गेल्यावर गुबगुबीत होऊन परते. आजी म्हणे, ‘उपासाचं तेज चढलंय मेल्याला!’

आता फजितीविषयी. 1894 साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडत्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेऊन ते हवेतच वळून पायांवर कसे उतरते, हे दाखवले. उतरल्यानंतर काय करायचे, हा खरा कठीण भाग. तो बंड्याकडूनच शिकावा लागे. दुधाच्या भांड्यासकट शिंक्यावरून खाली आल्यावर तो लगेच एक पाय वर करून चाटायला घेई. जणू हे ठरलेलेच होते. मंडळी खराटा शोधेपर्यंत त्याचे अंग स्वच्छ झालेले असे, मग तो परसदाराने चालत बाहेर पडे. चालतच. पळणाऱ्याच्या पाठीत खराटा बसतो. चालणाऱ्याला मारावे की नाही, यावर घरात आधी चर्चा होते.

माणसांनी कचेरीत पाय चाटू नये, निदान स्वतःचे. चष्मा काढून पुसायला घ्यावा, तेवढ्याने भागते. नंबर नसल्यास साध्या काचांचा करून घ्यावा.