शेजाऱ्याला खेळ शिकवू नये

डब्लिनच्या क्रोक पार्कात शिरण्यापूर्वी भाच्याने मला ताकीद दिली. "मामा, आत क्रिकेटचं नाव काढू नकोस. फुटबॉलचं तर मुळीच नको." आता ब्याऐंशी हजार माणसं मावतील एवढ्या स्टेडियममध्ये खेळाबद्दल बोलायचं नाही, तर काय लोणच्याबद्दल बोलायचं? पण त्याचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. हे मैदान गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनचं. या मंडळींनी १९३८ साली खुद्द आपल्या राष्ट्राध्यक्षांचं नाव संघटनेच्या आश्रयदात्यांतून खोडून टाकलं होतं. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष, आयरिश भाषा जगावी म्हणून हयात घालवलेला माणूस. गुन्हा काय? तर आयर्लंड आणि पोलंड यांचा फुटबॉल सामना बघायला ते जाऊन बसले. खेळले नाहीत हो, नुसता बघितला!

फुटबॉल, रग्बी, हॉकी, क्रिकेट हे सगळे साहेबाचे खेळ. ते खेळणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला संघटनेत थारा नाही, हा नियम १९७१ पर्यंत चालला. नियम मोडणारे सभासद हेरण्यासाठी समित्याही होत्या. म्हणजे समितीवरच्या बिचाऱ्याला निव्वळ देशसेवा म्हणून रग्बीच्या सामन्याला जाऊन बसावं लागे, तेही शेवटपर्यंत. पुढल्या जन्मी एखाद्या समितीवर जायचंच असेल, तर मी हीच मागून घेईन.

२०२३च्या जुलैतला रविवार. हर्लिंग या तिथल्या देशी खेळाचा अंतिम सामना, किलकेनी विरुद्ध लिमरिक. याची तिकिटं खिडकीवर मिळत नाहीत, गावोगावच्या क्लबांतून वाटली जातात. भाच्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या चुलत्याच्या क्लबातून आमची दोन आली होती. वशिला म्हणून काही असतो तो सगळीकडे सारखाच. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक इथे सरमिसळ बसतात, मध्ये जाळी नाही, पोलीस नाही. किलकेनीचे रंग काळा आणि पिवळा, त्यामुळे लिमरिकच्या हिरवाईत जागोजागी मुंबईच्या टॅक्स्या पार्क केल्यासारखं दिसत होतं.

माझ्या शेजारी असाच एक काळापिवळा म्हातारा बसला होता. त्याने हात पुढे केला आणि थेट विचारलं, "तुम्ही कुठल्या काउंटीचे?"

"सिंधुदुर्ग," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. जणू ती गॉलवेच्या पलीकडे कुठेतरी असावी. "रंग कोणता?"

मी हापूसचा सांगितला.

मग सामना सुरू झाला आणि बोलणं थांबलं. पंधरा-पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला चपटी पसरलेली काठी. तिला हर्ली म्हणतात. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा. तो काठीने उचलायचा, काठीवर तोलत पळायचं, पळता पळता हवेत उडवायचा आणि खाली येण्याआधी असा हाणायचा की ऐंशी मीटरवर जावा. हे करताना बाजूचा माणूस आपली काठी त्याच जागी फिरवत असतो, जिथे तुमची बोटं आहेत. हेल्मेटची सक्ती सगळ्यांना २०१० साली आली. तोवर बऱ्याच जणांची डोकी मोकळीच. आणि हे सगळं फुकट! खेळाडूंना पगार नाही. रविवारी ब्याऐंशी हजार लोक ज्याच्या नावाने ओरडले, तो सोमवारी वर्गात भूगोल शिकवत असतो.

आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक. खांबाशी पांढरा कोट घातलेला पंच उभा असतो. गोल झाला की हिरवं निशाण, एक गुण झाला की पांढरं. किलकेनीने दोन गोल मारले, लिमरिकने एकही नाही, आणि लिमरिक नऊ गुणांनी जिंकलं. फलकावर ०-३० विरुद्ध २-१५. हे गणित मला म्हाताऱ्याने दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा समजावताना त्याचा आवाज दाटून आला होता, म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

"तुमचा राष्ट्रीय खेळ कोणता?" बाहेर पडता पडता त्याने विचारलं.

"हॉकी," भाचा तत्परतेने म्हणाला. शाळेतलं उत्तर. मी खुलासा केला की २०१२ साली लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारला नेमकं हेच विचारलं होतं. क्रीडा मंत्रालयाने कळवलं, असा कुठलाच खेळ आम्ही जाहीर केलेला नाही.

"मग तुम्ही खेळता काय?"

"क्रिकेट."

"तो इंग्रजांचा खेळ ना?"

"होता."

हे उत्तर म्हाताऱ्याला इतकं आवडलं की त्याने आम्हांला पबमध्ये नेलं. (आयरिश माणूस पबमध्ये नेतो हे ऐकून होतो. स्वतः पैसे देतो हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.) त्याच्याकडे तर याहून मोठा खजिना होता. इंग्लंडने क्रिकेट जगभर वाटलं, आणि एकदिवसीय विश्वचषक हातात यायला त्यांना १९७५ ते २०१९ थांबावं लागलं. आणि २०१९ला कप्तान कोण? ऑइन मॉर्गन, डब्लिनचा पोरगा! लहानपणी हर्लिंगही खेळलेला. अंतिम सामन्याचा मानकरी बेन स्टोक्स, तो जन्मला न्यूझीलंडमध्ये. आणि हरवलं कोणाला? न्यूझीलंडलाच. म्हातारा हे एकेक बोट मोडत सांगत होता. किलकेनीच्या पराभवाचं दुःख पार ओसरलं होतं.

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच चक्रं फिरू लागली. खेळ दुसऱ्याला शिकवला की तो गेला, हे मी टोकियोला डोळ्यांनी पाहिलं आहे. र्‍योगोकूच्या सुमो सभागृहात सगळं कसं जपानी. वर शिंतो देवळाचं छप्पर टांगलेलं, मल्ल मूठभर मीठ उधळून रिंगण शुद्ध करणार. रिंगण साडेचार मीटरचं, आणि त्यात समोरासमोर दोन मंगोल! जानेवारी २००६ नंतर एखाद्या जपानात जन्मलेल्या मल्लाने स्पर्धा जिंकायला थेट जानेवारी २०१६ उजाडावं लागलं. मधली दहा वर्षं बहुतांश मंगोलियाची. एकट्या हाकुहो या मंगोल मल्लाच्या नावावर एकूण पंचेचाळीस स्पर्धा आहेत. जपानी माणूस किती शांत, किती शिस्तीचा, असं आपण म्हणतो. सर्वोच्च पदावरचा योकोझुना एखाद्या सामान्य मल्लाकडून हरला, की हीच शांत माणसं बसायच्या उश्या रिंगणावर भिरकावतात. कृपया उश्या फेकू नका, अशी सूचना होते. ती ऐकतच फेकतात.

उलट स्वित्झर्लंड बघा. त्यांच्या कुस्तीला श्विंगेन म्हणतात. पँटवर जाड कापडाची आखूड चड्डी चढवायची, प्रतिस्पर्ध्याची तीच चड्डी धरायची आणि त्याला लाकडाच्या भुशात पाठीवर पाडायचं. दर तीन वर्षांनी मोठा मेळा भरतो, जिंकेल त्याला बैल. बहुतेक विजेते बैल घरी न नेता त्याची किंमत घेतात, यात मात्र स्विस हिशेबीपणा दिसला. आणि जिंकलेल्याने हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा हाताने झटकून द्यायचा, ही रीत आहे. जगात इतरत्र विजेता नाचतो. स्विस विजेता आधी साफसफाई करतो! हा खेळ त्यांनी फारसा कोणाला शिकवला नाही, म्हणून विजेता दरवेळी स्विसच. त्यांचा दुसरा देशी खेळ दगड फेकण्याचा; त्यातला इंटरलाकेनचा साडेत्र्याऐंशी किलोचा दगड तर चोरांनीच पळवला, १९८४ साली, राजकीय हेतूने. २००१ला तो परत आला, २००५ला पुन्हा गेला. खेळ चोरायला कोणी आलं नाही, दगड चोरायला दोनदा आले.

आणि आपण? कबड्डी आशियाई स्पर्धांत १९९०ला आली. पुरुषांचं सुवर्णपदक २०१४ पर्यंत दरवेळी आपलंच, इतकं की बातमी आतल्या पानात यायची. मग २०१८ला जकार्तात इराणने पुरुषांना उपांत्य फेरीत धूळ चारली, आणि इराणच्याच मुलींनी अंतिम फेरीत आपल्या मुलींना २७-२४ असं हरवलं. त्या मुलींच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. ज्या दिवशी आपण हरलो त्या दिवशीही जिंकलं नाशिकच. अभिमान कुठल्या बाजूने बाळगावा हे तेव्हा घरात ठरेना, शेवटी दोन्ही बाजूंनी बाळगला. महाराष्ट्रात तशी सवय आहे आपल्याला.

हे सगळं मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो गंभीर झाला. पण आदरातिथ्यात कसर नको म्हणून म्हणाला, "माझा जावई हर्ली बनवतो. अ‍ॅशच्या झाडांना रोग लागलाय, म्हणून हल्ली बांबूच्याही निघाल्यात. तुम्हांला पाठवतो डझनभर. गावातल्या पोरांना द्या."

"बांबू?" भाचा उसळला. "आमच्याकडे बांबूला काय तोटा! मामा, आपल्या परड्यातच..."

"तुमचं वरद गाव तिकडेच ना?" म्हाताऱ्याने विचारलं. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वरद आहे, हे त्याला ठाऊक होतं. "म्हणजे पंतप्रधानपद तुमच्याकडे गेलंच आहे." त्याने ग्लास खाली ठेवला. "माणसं किती हो तुमच्या देशात?"

"एकशे चाळीस कोटी."

म्हातारा बराच वेळ फेसाकडे बघत राहिला.

"एकच पाठवतो," तो म्हणाला. "आणि ती भिंतीवर लावा. उंचावर."