ऐकलं का, बटन पळालं!

ऐकलं का? रामनगरातल्या त्या निवृत्त प्राध्यापकांच्या गाडीतलं एसीचं बटन पळालं. हो हो, राहत्या घरातून! रात्री गाडी पोर्चमध्ये लावली तेव्हा स्क्रीनच्या खालच्या ओळीत डावीकडून दुसरं, जागच्या जागी होतं. सकाळी पाहतात तर तिथे गाण्यांचं कुठलंसं ॲप मांडी घालून बसलेलं. सरांनी शोधलं, बाईंनी शोधलं, शेजारच्या नातवाला बोलावलं. पळून जाणारे निदान चिठ्ठी ठेवून जातात, असं सर हताशपणे म्हणाले. तर चिठ्ठीही होती म्हणे. इंग्रजीत, चांगली लांबलचक, आणि तिच्याखाली आदल्या रात्री सरांनीच न वाचता 'मान्य' म्हणून बोट टेकवलेलं. जन्मभर पोरांना 'सही करण्याआधी वाचत जा' असं बजावणारा माणूस! बाहेर वर्ध्याचा मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, आणि आत गाडी विचारतेय, आज कोणतं गाणं ऐकणार?

एका घरची गोष्ट असती तर झाकली गेली असती. पण सध्या ज्याच्या दारात हिरव्या पाटीची गाडी, त्याच्या तोंडी हाच विषय. पूर्वी असं नव्हतं. आर्वी नाक्यावर विजेची गाडी थांबली की चहावाल्यापासून हवालदारापर्यंत सगळे एकच विचारायचे, "एका चार्जिंगमध्ये किती चालते भाऊ?" मालक कंपनीचा आकडा सांगायचा, मग शेजारी बसलेल्या बायकोकडे बघून त्यातून हळूच शंभर वजा करायचा. आता ते कुणी विचारत नाही. आता दोन हिरव्या पाट्या बजाज चौकात समोरासमोर आल्या की काचा खाली होतात आणि दबक्या आवाजात विचारणा होते.

"तुम्हाला आलं का?"

"परवाच आलं."

"आम्हाला नाही आलं बा अजून."

बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटावं, इन्कम टॅक्सची नोटीसच निघाली. निघालेलं असतं अपडेट.

हे आलं-नाही-आलं प्रकरण भलतंच नाजूक आहे. कंपन्या अपडेट सगळ्यांना एका दिवशी देत नाहीत, टप्प्याटप्प्याने सोडतात; काही बिघडलंच तर थोडक्यात निभावतं. शहाणपणाचीच गोष्ट. पण सिव्हिल लाइनमधल्या दोन साडूंनी एकाच शोरूममधून, एकाच मुहूर्तावर, एकाच रंगाची गाडी घ्यावी आणि अपडेट धाकट्याकडे आधी यावं? मोठ्या जावयाचा मान राहिला का काही? मोठ्या साडूंनी मदत क्रमांकावर फोन लावला. गाडीबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती, "त्यांना आधी कसं दिलं?" एवढीच होती. पुढच्या आठवड्यात त्यांनाही मिळालं. तोवर धाकट्याने 'जुनं परत मिळेल का' म्हणून तक्रार नोंदवलेली होती. ते परत मिळत नाही, हे दोघांनाही मागाहून कळलं.

बदललं तरी काय एवढं? नकाशा मोठा झाला. अक्षरं सडपातळ झाली. पार्श्वभूमी पांढऱ्याची काळी झाली. गाडीचं एक चित्र मधोमध येऊन संथपणे गोल फिरू लागलं. आपण ज्या गाडीत बसलोय तिचं चित्र आपल्याला कशासाठी दाखवायचं, हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही. आणि एसी, आरसे, हेडलाइट वगैरे रोजच्या गोष्टी दोन-दोन बोटांच्या आड गेल्या.

यावर मतं म्हणाल तर जितकी गावं तितकी. हिंगणघाटचे एक जिनिंगवाले शेठ बेहद्द खूश. नागपूरच्या वाटेवर कुठला चार्जर मोकळा आहे ते आता नकाशावरच दिसतं, म्हणून. "एक रुपया न देता नवीन गाडी घेतल्यासारखं वाटून राह्यलं," असं ते भेटेल त्याला सांगतात, आणि शेठच्या तोंडून 'एक रुपया न देता' हे शब्द इतके गोड कधीच निघाले नव्हते. सावंगीच्या डॉक्टरीणबाईंना रात्रपाळीहून परतताना काळी स्क्रीन डोळ्यांना बरी वाटते. त्यांच्या यजमानांना तीच स्क्रीन दुपारच्या उन्हात दिसत नाही. एका घरात एकाच गाडीवरून सरकार आणि विरोधी पक्ष. पुलगावचे एक निवृत्त फौजी मात्र जे बोलले त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. "रायफलचा सेफ्टी कॅच कोणी रात्रीतून इकडचा तिकडे करते का?" असं त्यांनी सर्व्हिस सेंटरच्या पोराला विचारलं. पोरगं म्हणालं, "काका, सवय होऊन जाईल." फौजी म्हणाले, "सवय होती ना बे!"

आणि देवळीच्या त्या लग्नाचं कानावर आलंच असेल. नवरदेवाची गाडी विजेची, फुलांनी मढवलेली. वरात निघायला अवकाश होता म्हणून चुलत भावाने रिकामा वेळ सत्कारणी लावायचं ठरवलं आणि स्क्रीनवर आलेल्या 'आता की नंतर' या प्रश्नाला 'आता' असं उत्तर दिलं. अपडेट चढत असताना गाडी हलत नाही. थांबलेली असावी लागते, बॅटरीत पुरेसा दम असावा लागतो, आणि एकदा सुरू झालं की मध्येच 'राहू दे' म्हणता येत नाही. पट्टी सरकतेय, बँड वाजतोय, भटजी घड्याळ बघतायत. शेवटी नवरदेव मेव्हण्याच्या जुन्या डिझेल जीपमधून मंडपात गेला. वधूपित्याने हुंडा दिला नव्हता, पण टोमणा दिला. खरं-खोटं सांगणारे जाणोत, मी काही तिथे नव्हतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याच लोकांना तेवढी कटकट करायची हौस. अजिबात नाही. साक्षात टेस्ला गाड्यांच्या मालकांनीही हेच केलं. २०२१ च्या डिसेंबरात त्यांच्या गाड्यांना नवी मांडणी आली आणि काचेवरचं धुकं घालवणं, सीट गरम करणं अशा हिवाळ्यातल्या नित्याच्या सोयी भर थंडीत आत ढकलल्या गेल्या. बर्फाळ मुलखातल्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं. सीट गरम करण्यावरून आठवलं, २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटसाठी महिन्याचं भाडं आकारून पाहिलं. सीटमध्ये यंत्रणा बसवलेली, गाडी तुमची, पण ऊब हवी असेल तर दरमहा पैसे. पुढच्याच वर्षी ते गुंडाळावं लागलं. वर्ध्यात ही योजना आली असती तर लोकांनी कंपनीलाच बिल लावलं असतं, एप्रिल ते जून सीट आम्ही फुकटात गरम करून देतो म्हणून.

याहून खमंग ऐकायचंय? २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेस्लाच्या जवळजवळ २२ लाख गाड्यांचा 'रिकॉल' झाला. कारण काय, तर ब्रेक, पार्किंग आणि एबीएसच्या इशाऱ्यांची अक्षरं नियमापेक्षा बारीक होती. आणि २२ लाख गाड्या परत बोलावल्या म्हणता एकही गाडी जागची हलली नाही. हवेतून अपडेट आलं, अक्षरं जाड झाली, संपलं. आमच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे जाड करता येतात?" आणि पुन्हा सेटिंगमध्ये शिरले. अजून बाहेर आलेले नाहीत.

स्वीडनमध्ये तर एका मोटार मासिकाने सरळ परीक्षाच घेतली, २०२२ साली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत चार साधी कामं करायची: सीट गरम करायची, रेडिओ बदलायचा, दिवे कमी करायचे, असली. पहिला नंबर कुणाचा? २००५ सालच्या एका म्हाताऱ्या व्होल्वोचा. सगळी बटनं हाताखाली. १० सेकंदांत काम फत्ते, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत शेवटी आलेल्या नव्याकोऱ्या, मोठ्या स्क्रीनच्या एमजी मार्व्हलच्या ड्रायव्हरला जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे निघून गेली. हे अंतर आपल्या समृद्धी महामार्गावर मोजून बघा. तिथे १२० ची मुभा आहे. येळाकेळीला चढून ही चार कामं करायला घेतली की सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता डोळे स्क्रीनवर ठेवूनच कापायचा. २०२५ च्या राज्य धोरणाने समृद्धीवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी जाहीर केली म्हणून लोक हौसेने चढतात. (ती माफी टोलनाक्यावरच्या यंत्राला कधी समजली, हा विषय वेगळा, त्यासाठी आणखी एक कप चहा लागेल.) गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी युरोपातली संस्था, युरो एनकॅप, हीदेखील आता ताळ्यावर आली आहे. २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारं बटन किंवा दांडी नसेल तर पूर्ण तारे मिळणं कठीण. म्हणजे पुलगावच्या फौजींचं म्हणणं युरोपपर्यंत पोचलं म्हणायचं.

पण खरं सांगू का, ज्या जिल्ह्यात हा गलबला चाललाय त्याला यंत्राच्या 'नव्या आवृत्ती'वरून भांडायची जुनी खोड आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे एक लाख! हाच संघ पुढे आपल्या सेवाग्रामात नांदला. अटी काय होत्या, वाचण्यासारख्या आहेत. चरखा साध्या झोपडीत हाताने वा पायाने चालवता यावा. बाईमाणसाला आठ तास फारसं न दमता कातता यावं, तेवढ्यात १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या वर नको. आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षं न थांबता चालावा, दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत. वीस वर्षं! आमच्या गाड्यांची बॅटरी आठ वर्षांच्या वॉरंटीची म्हटली तर आम्ही पेढे वाटतो. त्या अटींना पुरून उरेल असा चरखा निघाला नाही आणि बक्षीस कुणाला मिळालं नाही, ते सोडा. पण आधी वापरणाऱ्या बाईच्या हाताचा हिशेब मांडला गेला, मग कारागिरांना बोलावलं गेलं. इथे उलटी गंगा. यंत्र आधीच ठरतं, मग सरांच्या बोटाला सांगितलं जातं की बाबा, तू सुधार.

त्यानंतरही स्वस्थता नव्हतीच. येरवड्याच्या तुरुंगात पेटी चरखा घडला. उभ्या चरख्यावर हात बसलेल्यांना तो पेटीत घातलेला संसार वाटला असणार. मग अनेक चात्यांचा अंबर चरखा आला आणि खादीवाल्यांत उभे दोन तट पडले. १९५६ साली तर सरकारला अंबर चरख्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. चरख्याच्या अपडेटवर सरकारी समिती! आमच्या सरांनी हे वाचलं तर एसीच्या बटनासाठी उद्याच कलेक्टर कचेरीत अर्ज टाकतील. मगन संग्रहालयात जाऊन एकदा बघाच. चरख्यांच्या इतक्या तऱ्हा आहेत की 'आधीचाच बरा होता' हे वाक्य वर्ध्याच्या मातीत किती जुनं आहे ते उमगतं.

माझं विचाराल तर मी अपडेटच्या विरोधात नाही, ते कुठल्या वाटेने येतं यावर माझं मत ठरतं. २०२३ च्या सुरुवातीला टाटांनी नेक्सॉन ईव्ही मॅक्सची कागदावरची धाव ४३७ वरून ४५३ किलोमीटर केली, नुसत्या सॉफ्टवेअरने, आणि आधीच्या गिऱ्हाइकांनाही सर्व्हिस सेंटरवर ते चढवून द्यायचं जाहीर केलं. त्यावर तोंड वाकडं केलेला माणूस मला भेटलेला नाही. सोळा किलोमीटर वाढले, आणि हाताखालचं काही हललं नाही. द्या की असं रोज! वाढवून दिलं तर आम्ही खाली मान घालून घेतो. हलवलं की बोंबलतो. त्यात काही चुकतंय असं मला वाटत नाही. लाखो रुपये मोजलेल्या वस्तूतली आपली जागा आपल्याला अंधारात सापडावी, एवढीच तर मागणी आहे.

गोपुरीच्या एका काकूंनी यावर कंपनीला न विचारता तोडगा काढला होता. स्क्रीनवर एसीच्या जागी त्यांनी चक्क टिकली चिकटवली, लाल, गोल, मध्यम आकाराची. आवाज कमी करायला हिरवी. न बघता बोट बरोबर पोचायचं. गल्लीतल्या पोरांनी हसून घेतलं, मग दोन पोरांनी गुपचूप आपल्या गाड्यांतही लावल्या. आणि अपडेट आलं. परवा सेवाग्रामला सायंप्रार्थनेला गेल्या असता, आश्रमाबाहेर गाडी लावताना काकूंनी सवयीने लाल टिकली दाबली, तर एसी बंद व्हायचा सोडून ढँगचॅक गाणं सुरू झालं, तेही पूर्ण आवाजात. घाबरून हिरवी दाबली, तर गाडीने जवळच्या हॉटेलांची यादी वाचायला घेतली. प्रार्थनेला आलेले लोक मागे वळून पाहतायत, काकू हात जोडून सगळ्यांची माफी मागतायत, आणि अशा वेळी ओळख दाखवायची सोडून काका पिंपळाकडे बघत उभे.

ताजी बातमी अशी की पुढचं अपडेट आवाजावर चालणारं असणार. बोट लावायचंच नाही, नुसतं सांगायचं. आता वाद सुरू झालाय तो यावर, की गाडीला मराठी कळणार तर कोणतं. पुण्याचं कळून उपयोग काय? "एसी कमी कर ना बे, थंडी वाजून राह्यली," हे तिला उमगलं पाहिजे. काकूंना गाडीशी एकेरीत बोलणं प्रशस्त वाटत नाही, शेठ म्हणतात पैसे मोजलेत तर 'तू'च म्हणणार. शेठच्या ड्रायव्हरला विचारलं, तुझं काय? तो म्हणाला, "मालकासमोर जे बोलतो ते तिनं ऐकलं तर चालते. एकट्यात जे बोलतो ते ऐकलं, तर वॉरंटी जाईल."