रोजची उपासना: मार्केट यार्ड आवृत्ती

ही मार्गदर्शिका फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना सगळं आधीपासूनच येतं अशांची पुण्यात कधीच वाण नव्हती. त्यांनी सरळ पान उलटावं.

आधी पात्रता. पूर्वी अँग्लिकन म्हणवणाऱ्या आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात एकत्रीकरण झाल्यापासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेल्या एखाद्या मंडळीच्या वहीत तुमचं नाव असेल तर उत्तम. नसलं तरी अडत नाही. भक्तिभाव दाटून यायलाच हवा असंही नाही. नवशिक्यांना ही गोष्ट फार उशिरा कळते, म्हणून इथे आधीच सांगून ठेवतो: ही उपासना तारखेवर चालते, मनःस्थितीवर नाही. आज मूड नाही म्हणून पुरंदरहून निघालेली कोथिंबिरीची गाडी सासवडवरून परत फिरत नाही, तसंच हे.

साहित्य फार लागत नाही. जुन्या घरांत ज्याला नुसतं ‘प्रार्थनेचं पुस्तक’ म्हणतात ते, पवित्र शास्त्र, आणि चाळिशी उलटली असेल तर चष्मा. शास्त्र मोबाईलवरही मिळतं, पण यार्डात वावरणाऱ्याने तो मोह टाळावा. स्तोत्राच्या चौथ्या ओळीवर टोमॅटोच्या भावाचा मेसेज टपकतो, आणि मग दावीद राजा मागे पडतो. मेणबत्ती हौसेची बाब आहे. बारदानाच्या थप्पीशेजारी ती लावू नये.

वेळेबद्दल नवशिके उगाच घाबरतात. मध्ययुगीन मठांत दिवसाला आठ प्रार्थना असत, त्यातली एक मध्यरात्रीची. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ च्या प्रार्थनेच्या पुस्तकात त्यांच्या दोनच केल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि त्याही लोकांच्या भाषेत. शेतावर नाही तर दुकानात जाणाऱ्या माणसाला आठ वेळा कोण सोडणार? (पुढे क्रॅन्मरना जाळलं, पण ते वेळापत्रकावरून नव्हे.) गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनात एकोणिसाव्या शतकात आलेल्या काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स या अँग्लिकन मठवासी संघांनी मठाचा जुना बेत पुन्हा सुरू केला. त्यांना ते शोभलं. तुम्ही दोनावर समाधान माना.

आता खरी अडचण. ‘सकाळ’ म्हणजे किती वाजता, हे पुस्तक सांगत नाही. यार्डात तर सकाळीच दोन-तीन आहेत. भाजीपाला विभागात रात्रीपासून गाड्या लागतात आणि उजाडायच्या आत बराच माल हललेला असतो. तिथल्या आडत्याची सकाळ तीनला होते. भुसार बाजारातले दिवाणजी त्यानंतर कितीतरी तासांनी गादीवर बसून पेन झटकतात. गंगाधामच्या बाजूला नव्या सोसायट्यांत राहणाऱ्यांची सकाळ अलार्म तीनदा बंद केल्यावर येते. माझ्या मते यावर नियम एकच: भोवनीच्या आधी. पहिला पैसा हातात पडला की माणूस देवाशीही भावाचंच बोलू लागतो.

आता कृती. सुरुवात पापकबुलीने होते. ती घाऊक असते. ‘आम्ही’ म्हणून सुरू होते, सगळ्यांच्या वतीने बोलते, आणि तपशील मागत नाही. किरकोळ तपशील तुम्ही मनात भरायचा, आणि यासाठी पुस्तकात जागा ठेवलेली नसली तरी थांबायला कोणी मनाई केलेली नाही. पापक्षमा जाहीर करण्याचा अधिकार मात्र पाळकसाहेबांचा. तुम्ही एकटेच असाल तर स्वतःच स्वतःला माफ करून मोकळं व्हायचं नाही. क्षमेची विनंती करायची आणि पुढे जायचं.

मग स्तोत्रं. इथे क्रॅन्मरनी जे केलं ते कुठल्याही हिशेबनिसाला आवडावं. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत बसवली, रोजचे दोन हप्ते. एक तारखेला सकाळी पहिली पाच, तीसला संध्याकाळी शेवटची चार. महिना एकतीसचा असेल तर तीस तारखेचीच पुन्हा म्हणायची. फेब्रुवारीत वाचन २८ किंवा २९ ला थांबतं, त्यामुळे शेवटची गाजावाजाची स्तुतिस्तोत्रं, झांजा, कर्णे वगैरे, त्या महिन्यात येतच नाहीत. मार्च अखेरच्या आधीचा महिना व्यापाऱ्याला एकूणच कोरडा जातो.

स्तोत्रं निवडायची नाहीत, हे लक्षात ठेवा. नवशिका नेहमी तेविसावं शोधतो, कारण ते घरातल्या कॅलेंडरवर असतं. ते चार तारखेच्या संध्याकाळी येईल, तेव्हा म्हणा. सतरा तारखेला सकाळी अठ्ठ्याऐंशीवं येतं, ज्यात शेवटपर्यंत कुठेच उजेड पडत नाही. त्या दिवशी तुमचं बरं चाललं असलं तरी ते म्हणायचं. पलीकडच्या गाळ्यावर कोणाचं तरी तसं चाललेलं असतंच.

सोळा तारखेची सकाळ मात्र यार्डात राहणाऱ्याने चुकवू नये. त्या दिवशी एक्क्याऐंशीवं स्तोत्र येतं, आणि त्यात देव सांगतो की मी यांच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं, यांच्या हातातली टोपली सुटली. मिसरातल्या वेठबिगारांबद्दलचं आहे ते. पण डोक्याला फडकं गुंडाळून, मानेवर पोतं घेऊन, ‘ओ शेट, बाजूला’ म्हणत जाणारा हमाल खिडकीतून दिसत असताना वाचा. शंभर किलोचं पोतं पन्नासावर यावं म्हणून बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला किती वर्षं भांडावं लागलं, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाल्यावरही भांडावं लागलं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या ओवीवर वेगळं प्रवचन लागत नाही. नेमकं इथेच पुस्तक मिटून चहाला जायची घाई होते. थोडं बसा. मनन म्हणतात ते हेच, त्याला डोळे मिटायची सक्ती नाही.

स्तोत्रांनंतर दोन पाठ, एक जुन्या करारातला, एक नव्यातला. वंशावळी लागल्या तर नावं ठामपणे वाचा; अडखळलात की लोकांना शंका येते. काही पाठ मात्र यार्डात मोठ्याने वाचताना आजूबाजूला कोण आहे ते बघावं. आमोसाचा आठवा अध्याय घ्या. शब्बाथ कधी संपतो, म्हणजे धान्याची विक्री उघडता येईल, अशी वाट बघणारे, माप लहान करणारे, तराजूत खोट ठेवणारे आणि गव्हाबरोबर भुसाही विकणारे व्यापारी त्यात आहेत. आमोस स्वतः मेंढरं राखणारा, उंबरांची झाडं सांभाळणारा; म्हणजे शेतकरी-पक्षाचा माणूस. घेणाऱ्यांनीही हसू नये. माल बघताना ‘अगदी बेकार आहे’ म्हणायचं आणि घरी जाऊन कमी भावात मिळाल्याची फुशारकी मारायची, हा प्रकार नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात नोंदलेला आहे. अडीच हजार वर्षांत गिऱ्हाईक बदललेलं नाही.

त्यानंतर गीतं: सकाळी जखऱ्याचं, संध्याकाळी मरीयेचं आणि शिमोनाचं. मग विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, दिवसाची प्रार्थना. हे यथावकाश पाठ होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. भजन म्हणायचं असेल तर ‘उपासना संगीत’ काढा. त्यातल्या अनेक गीतांचे कवी रेव्हरंड टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, अँग्लिकन नव्हेत, पण त्यांची गीतं कोणत्याही चर्चच्या हद्दीवर अडली नाहीत. पहाटे तीनला मात्र मनातल्या मनात गा. वरच्या मजल्यावरचे लोक सहिष्णू असतील, पण झोपलेले आहेत.

मागण्यांचा विषय नाजूक आहे. शेतकरी भाव वाढू दे म्हणतो, मेसवाला पडू दे म्हणतो, आणि दोघे कदाचित एकाच बाकावर बसलेले असतात. जुन्या पुस्तकाने यात बाजू घेतली आहे. टंचाईच्या काळासाठी त्यात एक खास प्रार्थना आहे आणि तिच्यात चक्क स्वस्ताई मागितली आहे. आडत टक्क्यांत मिळते. कांदा कडाडलेला असताना आडत्याने ही प्रार्थना मनापासून म्हणून दाखवली, तर त्याला नवशिका म्हणायचं कारण उरत नाही.

चहाबद्दल अनेक जण विचारतात. उपासनेनंतर मिळणारा चहा घेतल्याने धर्म बुडतो का? १८९० साली याच पंचहौद मिशनात एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं पुढे आली, पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, आणि गावात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आता त्यावरून कोणी प्रायश्चित्त मागत नाही. साखर जास्त असते, एवढाच धोका.

रविवारचं काय? रविवार चर्चचा, हे खरं. पण भाजीपाला विभागाची साप्ताहिक सुट्टी शनिवारी आणि सगळ्यात जास्त आवक रविवारी. म्हणजे यार्ड मोशेच्या शब्बाथाशी जुळवून घेतं, ख्रिस्ती रविवाराशी नाही. तेव्हा पहाटेचा व्यवहार आटोपून, हात धुऊन, शर्ट बदलून साडेआठ-नऊच्या उपासनेला जाणारी माणसं असतात. त्यांच्या अंगाला मेथीचा वास येतो. शेजारच्याने नाक मुरडू नये. कापणीच्या सणाला तर त्यांची जरूर लागतेच. वेदीपुढे मांडलेल्या भोपळ्यांचा, नारळांचा, अंड्यांचा उपासनेनंतर लिलाव होतो, आणि तिथे बाजाराचे नियम उलटे चालतात: प्रत्येक जण मुद्दाम चढी बोली लावतो, घेतलेला भोपळा परत लिलावाला देतो, आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. आयुष्यभर भाव पाडण्यात घालवलेल्या माणसाला हे जड जातं. पहिल्या वर्षी त्याने नारळापासून सुरुवात करावी.

चुकलं तर काय, हा शेवटचा प्रश्न. एक सकाळ गेली तर थकबाकी ओढायची नाही. कालची स्तोत्रं कालबरोबर गेली, आजची घ्या. आणि एक तारखेची वाट बघू नका, ती दर महिन्याला येते आणि दर महिन्याला निघून जाते. आज जी तारीख आहे तिथून सुरू करा. चोवीस असेल तर नशीबवान आहात: सकाळच्या तिनांत एकशे सतरावं आहे, दोनच ओव्यांचं, सगळ्यांत लहान. संध्याकाळी एकशे एकोणिसावं सुरू होतं. ते १७६ ओव्यांचं आहे आणि सव्वीसच्या संध्याकाळपर्यंत चालतं, तेव्हा आधी जेवून घ्या.