विभाग : इतर

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातली पत्रे लावून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. त्या जुन्या पत्रांत तारीख असे, महिना असे. साल मात्र बऱ्याचदा नसे. वाचणाऱ्याला ते ठाऊकच असणार, हा लिहिणाऱ्याचा हिशोब! मग मजकुरातल्या स्वाऱ्यांवरून अन् लग्नांवरून साल हुडकायचे.

आता सातारा-सांगलीच्या कचेऱ्यांतही इंट्रानेट आहे. फाइल चढवताना ते अदबीने विचारते : विषय, विभाग, वर्ष, जतनाची मुदत. यालाच मेटाडेटा म्हणतात. आपण उत्तरही अदबीने देतो. विषय : ‘महत्त्वाचे’. विभाग : ‘इतर’. वर्ष यंत्राने आधीच भरलेले, म्हणून 1987चा नकाशाही यंदाचाच. मुदत : ‘कायम’, कारण नाश करायला सही लागते. फाइलचे नाव ‘फायनल नवीन 2’.

सरकारी अभिलेखांत ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ड’ वर्ग वर्षभराचा, ही वर्गवारी जुनीच. कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धतही कारकुनांना पाठ. कपाटात जागा नसली की वर्गवारी आठवते. सर्व्हरवर जागा अपार, म्हणून आठवण शून्य. शोधयंत्राला ‘महत्त्वाचे’ विचारले की सगळेच कागद हजर होतात. शेवटी सातारकर सांगलीला फोन लावतो, “भाऊ, ती फाइल व्हॉट्सॲपवर टाका की!”

नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी साहेबांनी एवढेच करावे : विभागांच्या यादीतला ‘इतर’ हा पर्याय काढून टाकावा. निम्मे दफ्तर फुकटात लागेल.